मशीन केस ओढते? धार लावायला देण्याआधी पातं काढून आवाज ऐका

गेल्या पावसाळ्यात गुहागरकडचे एक सलूनवाले काका केस कापायची मशीन घेऊन आले. महिन्याभरात दोनदा धार लावून आणली होती. टेबलावर ठेवत म्हणाले, "धार टिकतच नाही रे हिची. आठ-दहा दिवस बरी चालते, की परत केस ओढायला लागते. मानेला मशीन टेकवली की गिऱ्हाईक खुर्चीत दचकतं."

मी पात्याचे दोन स्क्रू काढले. दोन्ही पात्यांच्या मध्ये, मागच्या बाजूला, काळपट पिवळी घट्ट वडी बसली होती. नखाने खरवडून निघेना. ब्रशच्या दांड्याने उचकटून बोटात चोळली तेव्हा खोबरेलाचा वास आला. बारीक केस, टाल्कम पावडर आणि खोबरेल तेल, तिन्ही एकजीव होऊन सुकलेलं. पात्याची धार मात्र गेलेली नव्हती. दोनदा घासून उगाच पातं झिजवलं होतं.

आमचं सलून चिपळूणला, बाबांनी सुरू केलेलं. मी कटिंगही करतो आणि आजूबाजूच्या सलूनवाल्यांच्या मशिनीही दुरुस्त करतो. घरी वापरायचे ट्रिमरही येतात, २०२० च्या टाळेबंदीपासून तर खूपच. माझ्याकडे 'मोटर गेली' म्हणून आलेल्या बऱ्याच मशिनींची मोटर धडधाकट असते. म्हणून बिघाड कसा शोधायचा ते इथे सविस्तर लिहितो. सलूनवाल्यांना उपयोगी पडेल, घरी मुलांचे केस कापणाऱ्या आईबापांनाही.

पहिली परीक्षा

मशीन बंद करा. वायरची असेल तर पिन सॉकेटमधून काढा. स्क्रू सोडवून दोन्ही पाती बाजूला ठेवा, आणि स्क्रू एका वाटीत टाका, कारण फरशीवर पडलेला तो छोटा स्क्रू केसांच्या ढिगात पुन्हा सापडत नाही. आता समोरच्या उघड्या भागाला बोट न लावता मशीन तीन-चार सेकंद चालू करा.

आवाज एकसारखा, जोरदार येतो का? वायरच्या मशीनमध्ये पात्याविना थोडी खडखड होईल, ती चालते. चार्जिंगच्या ट्रिमरमध्ये पुढची छोटी पिन गरगर फिरताना दिसेल. एवढं दिसलं-ऐकलं की मोटर आणि करंट दोन्ही ठीक आहेत, दुखणं पात्यात आहे. आणि पातं काढूनही आवाज मरगळलेला, कमीजास्त होणारा किंवा नुसताच 'घूंऽऽ' असा असेल तर दुखणं आत आहे: करंट, बॅटरी, वायर किंवा मोटर. या एका परीक्षेने निम्मं काम होतं. मला फोनवर कुणी विचारलं तर मी हेच आधी करायला सांगतो.

दुखणं पात्यात असेल तर

मशीनचं काम कात्रीसारखंच आहे. खालचं, कातडीला टेकणारं पातं स्थिर. त्याच्यावर दुसरं छोटं पातं डावी-उजवीकडे सरकतं. दोन्ही एकमेकांना चिकटून सरकली तर केस कापला जातो. त्यांच्यात केसाच्या जाडीइतकी जरी फट राहिली तरी केस न कापता दोन पात्यांमध्ये दुमडतो आणि मशीन पुढे सरकली की ओढला जातो. गिऱ्हाईक दचकतं ते यामुळे. सलूनमध्ये आम्ही याला मशीन 'चावते' म्हणतो.

तेव्हा 'केस ओढते' म्हणजे 'बोथट झाली' असं लगेच धरून चालू नका. फट कशामुळे पडली ते आधी बघा.

सगळ्यात जास्त वेळा कारण असतं कचरा. वरून ब्रश मारला की पुढचे दात साफ दिसतात, पण केस साचतात ते मागे, जिथे वरचं पातं खालच्या पात्यावर टेकून सरकतं तिथे. तिथली घाण पातं काढल्याशिवाय निघत नाही. जुना दात घासायचा ब्रश घ्या, दातांच्या दिशेने आतून बाहेर झाडा. वडी जमली असेल तर कापसावर स्पिरिट घेऊन पुसा. मशीनच्या तोंडातही केस अडकलेले असतात, तेही झाडून काढा. साबणाच्या पाण्यात पातं बुडवून ठेवणारे खूप जण आहेत. धुता येणारा ट्रिमर असेल तर ठीक, पण सलूनच्या मशीनचं लोखंडी पातं कोकणातल्या जून-जुलैत ओलं राहिलं तर एका रात्रीत त्यावर तांबूस ठिपके उठतात. गंजलेला दात केस कापत नाही, कितीही घासला तरी.

त्यानंतर तेल. याबद्दल मला थोडं ठासून सांगायचं आहे.

मशीनला लागतं ते पातळ खनिज तेल. मशीनसोबत छोटी बाटली येते, तीच. ती संपली की शिलाई मशीनचं तेल आणा, चांगलं चालतं, हार्डवेअरच्या दुकानात कुठेही मिळतं. खोबरेल घालू नका. आपल्याकडे ते प्रत्येक सलूनच्या फळीवर हाताशी असतं म्हणून घातलं जातं. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. थंडीतल्या सकाळी बाटली उलटी केली तर थेंब पडत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तेच पात्यात होतं. एसीच्या सलूनमध्ये तर बारा महिने होतं. तेल घट्ट झालं की पातं जड सरकतं, मोटरवर ताण येतो, त्यात केस आणि पावडर रुतून वडी तयार होते. मोहरीचं किंवा सोयाबीनचं तेल आणखी वाईट. ते हवेने हळूहळू चिकट होतं, तव्याच्या कडेला साचलेल्या तेलासारखं. गंज सोडवायचा स्प्रे मारणारेही भेटतात. त्याने घाण सुटते हे खरं, पण तो उडून जातो आणि पातं कोरडं पडतं. त्याने साफ केलं तरी नंतर तेल घालावंच लागतं.

तेल किती आणि कुठे? पाच थेंब. तीन पुढच्या दातांवर, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. आणि दोन मागच्या बाजूला, वरच्या पात्याच्या दोन्ही टोकांना, जिथे घर्षण होतं. मशीन पात्याकडून खाली झुकवून धरा, म्हणजे तेल मोटरकडे जाणार नाही. आठ-दहा सेकंद चालवा आणि बाहेर आलेलं तेल कापडाने पुसून घ्या. त्या तेलासोबत काळं पाणी आल्यासारखं दिसेल. तो आतला केसांचा चुरा. कापड स्वच्छ येईपर्यंत एकदोनदा परत करा. सलूनमध्ये दर तीन-चार गिऱ्हाइकांनंतर असं पाच थेंब तेल घालावं. घरी प्रत्येक कटिंगच्या आधी एकदा आणि ठेवून देताना एकदा.

तेल घातलंय की नाही हे कानाला कळतं. कोरडं पातं करवतल्यासारखा बारीक कर्कश आवाज करतं. तेलाचे थेंब पडले की दोन सेकंदांत तो आवाज खाली उतरतो. बाबा खुर्चीच्या पलीकडून, माझ्याकडे न बघता म्हणायचे, "तेल घाल." मला तेव्हा कळायचं नाही की त्यांना पाठमोरं कसं समजलं.

पातं तापतं ही तक्रारही बहुतेक इथलीच. कोरडं पातं सलग दहा-पंधरा मिनिटं चाललं तर मानेला चटका बसेल इतकं गरम होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर गिऱ्हाइकालाही सोसणार नाही. कुत्र्याचे केस घरी कापणाऱ्यांनी तर हे दर पाच मिनिटांनी करावं. कुत्र्याच्या पोटाची आणि काखेची कातडी फार पातळ असते आणि त्याला सांगता येत नाही.

पातं परत बसवताना

साफसफाई करून मशीन बिघडली असं सांगत येणारे असतात. "परवा साफ केली, तेव्हापासून कापतच नाही." किंवा त्याहून वाईट, "तेव्हापासून कातडी कापते." बसवताना पातं सरकलेलं असतं.

पद्धत अशी. बाजूचा लिव्हर सगळ्यात बारीक कटिंगच्या जागी आणा. वरचं पातं मोटरच्या हातावर, म्हणजे पातं हलवणाऱ्या आतल्या दांड्यावर, नीट बसलंय का बघा. पात्याच्या खाचेत या दांड्याचं टोक गेलं पाहिजे. ते न गेल्यामुळे 'मोटर चालते पण पातं हलत नाही' अशी स्थिती होते. मग खालचं पातं ठेवून दोन्ही स्क्रू अर्धवट आवळा, इतके की पातं अंगठ्याने ढकललं तर सरकेल. मशीन डोळ्यांसमोर आडवी धरा, मागे उजेड ठेवा. वरच्या पात्याच्या दातांची टोकं खालच्या पात्याच्या टोकांपेक्षा साधारण एक मिलिमीटर मागे हवीत, आणि दोन्ही ओळी समांतर. एका बाजूला जवळ आणि दुसऱ्या बाजूला लांब असं तिरकं दिसलं तर त्या बाजूने कातडी कापणार आणि दुसऱ्या बाजूने केस राहणार. समांतर झालं की दोन्ही स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. एकच आधी पूर्ण आवळला तर पातं फिरतं.

दाढीच्या कडा काढायच्या ट्रिमरला हल्ली तरुण पोरं 'झिरो गॅप' करून मागतात, म्हणजे दोन्ही टोकं जवळजवळ एका रेषेत. रेषा सुरेख येते हे खरं. पण वरचं पातं केसभर जरी पुढे आलं तरी ते सरळ कातडीवर चालतं आणि बारीक रक्त येतं. ज्याला हाताचा अंदाज नाही त्याने अर्धा मिलिमीटर तरी मागे ठेवावं. आणि बसवून झालं की आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर फिरवून बघावं. गिऱ्हाइकाच्या मानेवर पहिली चाचणी कधीही करू नये.

हे सगळं केलं, तरी केस ओढतेच? मग आपल्या हाताने कापलेल्या केसांची एक पातळ बट चिमटीत धरून मशीन तिच्यावर चालवा. सगळीकडे ओढत असेल तर धार गेली. फक्त एका जागी ओढत असेल तर तिथला दात तुटला किंवा वाकला असेल. भिंगाने बघा. मशीन हातातून पडली असेल तर हमखास हेच. सिरॅमिकचं पांढरं पातं असेल तर ते पडल्यावर वाकत नाही, टवका उडतो. अशा वेळी नवीन पातं घेणं बरं.

धार लावायचीच असेल तर कात्री-सुरीला धार लावणाऱ्या चाकवाल्याकडे पातं देऊ नका. त्याची कला वेगळी आहे आणि त्याच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण मशीनचं पातं सुरीसारखं कडेने घासायचं नसतं. त्याचा पृष्ठभाग सपाट दिसतो, प्रत्यक्षात मध्ये किंचित खोलगट असतो. त्यामुळे दोन पाती फक्त दातांच्या टोकांशी आणि मागच्या पट्टीवर एकमेकांना टेकतात. हे टेकणं जपायचं तर पातं फिरत्या सपाट थाळीवर, बारीक भुकटीच्या साहाय्याने घासावं लागतं, आणि दोन्ही पाती जोडीने. एकालाच धार लावून उपयोग नाही. घरी दगडावर घासलं की कडा गोल होतात आणि जी फट आपण घालवायला निघालो तीच कायमची तयार होते. गुहागरच्या काकांच्या पात्यालाही दोनदा घासल्याने एका बाजूला थोडी गोलाई आली होती. सुदैवाने तेल आणि जुळवणी केल्यावर ते चालण्याजोगं झालं.

एक गोष्ट मशीनबाहेरची. डोक्याला चंपीचं तेल चोपडून कटिंगला येणाऱ्यांच्या केसांवर कुठलीच मशीन नीट चालत नाही. तेलकट केस एकमेकांना चिकटून पात्याखाली सपाट झोपतात. ओले केसही तसेच. आधी धुवा, पूर्ण कोरडे करा, मग मशीन लावा. आमच्याकडे वाळूच्या नाहीतर चिऱ्याच्या कामावरून थेट येणारे गडी असतात, त्यांच्या केसांत रेती असते. रेतीने नवीन पात्याची धारसुद्धा एका कटिंगमध्ये उतरते. त्यांना मी प्रेमाने सांगतो, दादा, डोक्यावरून दोन तांबे पाणी घ्या आणि पुसून या, माझं पातं आणि तुमची मान दोन्ही वाचतील. कुणी रागावत नाही.

दुखणं आत असेल तर: वायरची मशीन

वायरच्या साध्या मशीनमध्ये गरगर फिरणारी मोटर नसतेच. तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं, समोर लोखंडी हात आणि एक स्प्रिंग. वेटोळ्यातून करंट गेला की चुंबक तयार होऊन हात ओढला जातो, करंट उतरला की स्प्रिंग त्याला परत नेते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे करंट सेकंदाला शंभर वेळा चढतो-उतरतो. त्यामुळे पातं मिनिटाला साधारण ६,००० वेळा मागेपुढे होतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या स्टर्लिंग गावच्या लिओ वॉल याने १९१९ मध्ये हातात मावणाऱ्या अशा विद्युतचुंबकी मशीनच्या पेटंटसाठी अर्ज केला. तत्त्व आजही तेच आहे. आत मोडण्यासारखं फार काही नाही, म्हणूनच या मशिनी वीस-वीस वर्षं चालतात.

अशी मशीन अचानक मोठ्याने खडखडायला लागली किंवा पातं जेमतेम हलायला लागलं, तर बाजूला एक स्क्रू असतो तो बघा. पुष्कळ जणांना तो झाकणाचा स्क्रू वाटतो. तो ताकदीचा स्क्रू आहे, हात आणि चुंबक यांच्यातलं अंतर कमीजास्त करणारा. मशीन चालू ठेवून तो पाव-पाव फेरा फिरवा. एका दिशेला कुठेतरी हात चुंबकावर आपटून जोराची खडखड सुरू होईल. तिथून उलट फिरवत जा आणि ज्या ठिकाणी खडखड थांबेल तिथेच सोडा. तीच सगळ्यात जास्त ताकदीची जागा. प्लॅस्टिकच्या दांड्याचा स्क्रूड्रायव्हर वापरा आणि हात कोरडे ठेवा.

पण स्क्रूला हात लावण्याआधी व्होल्टेज बघा. गावाकडे संध्याकाळी सगळे पंप आणि दिवे एकदम चालू झाले की व्होल्टेज खाली जातं, ट्यूबलाइट लपलप करते, आणि मशीनची ताकद उतरते. त्या वेळी स्क्रू जुळवला तर सकाळी पूर्ण व्होल्टेजला ती पुन्हा खडखडणार. तसंच साध्या, चौकोनी तरंगाच्या इन्व्हर्टरवर मशीन जास्त घोंघावते आणि तापते. बिघाड समजून तिला उघडू नका. वीज आल्यावर परत ऐका.

परदेशातून आलेल्या मशीनबद्दल वेगळं सांगावं लागतं, कारण कोकणात घरटी कुणीतरी बाहेर असतं. एका काकूंच्या पुतण्याने अमेरिकेहून छान जड मशीन आणली होती. पिन बदलायचा अडॅप्टर लावून त्यांनी ती भिंतीत खुपसली. क्षणभर ती किंचाळली, जळका वास आला आणि बंद. तळाशी लिहिलेलं होतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट. वेटोळं जळून काळं झालं होतं. पिनचा अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी चुंबकाच्या मशीनला अडचण राहते, कारण हर्ट्झ ५०च राहतात आणि तिची स्प्रिंग ६०ला जुळवलेली असते. ती कुंथत चालते. तिकडून काही आणायचंच असेल तर चार्जिंगची आणा, आणि चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय याची खात्री करा.

मध्येच बंद-चालू होणाऱ्या मशीनची वायर तपासा. काम झाल्यावर वायर मशीनभोवती गच्च गुंडाळायची सवय असते. त्यामुळे मशीनमध्ये शिरते तिथेच आतली तार तुटते, वरचं रबर शाबूत दिसतं. चालू मशीनची वायर तिथे हलवून बघू नका. पिन काढून मल्टिमीटरने तार सलग आहे का ते बघा. वायर बदलणं ओळखीच्या वायरमनला पाच मिनिटांचं काम आहे. यापुढे ती सैल वेटोळ्यात खिळ्याला टांगा.

चार्जिंगचा ट्रिमर

घरच्या ट्रिमरचं ठरलेलं गाऱ्हाणं: सहा महिने कपाटात होता, आता चार्जच होत नाही. लिथियम बॅटरी ३.७ व्होल्टची, पूर्ण भरली की ४.२. पडून पडून ती साधारण २.५ च्या खाली गेली की आतलं संरक्षक सर्किट तिला तोडून टाकतं आणि ट्रिमर मेल्यासारखा दिसतो. चार्जरला लावून तासभर नजरेसमोर ठेवा. दिवा लागला तर जगली. नाही लागला तर बॅटरी बदलावी लागेल. ठेवून द्यायचा असेल तर अर्धा चार्ज करून ठेवा, आणि तीन महिन्यांनी एकदा भरा. जुन्या ट्रिमरमध्ये १.२ व्होल्टच्या निकेलच्या बॅटऱ्या असतात. त्यांना लिहिल्यापेक्षा जास्त वेळ, रात्रभर वगैरे, चार्जिंगला ठेवू नका, कारण अनेकांत भरल्यावर थांबायची सोय नसते.

आता एक अशी गोष्ट जी मला स्वतःला समजायला वेळ लागला. नवा ट्रिमर, सी टाइपचं तोंड, फोनच्या नव्या चार्जरला लावला तर दिवा लागत नाही. लोक दुकानदाराशी भांडून येतात. दोन्ही टोकांना सी असलेली वायर लावली की चार्जर समोरच्या वस्तूची ओळख पटेपर्यंत करंट सोडतच नाही. ही ओळख पटवायला वस्तूच्या आत ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर लागतात, आणि स्वस्त ट्रिमरमध्ये ते घातलेलेच नसतात. उपाय सोपा. एका बाजूला जुनं चपटं, चौकोनी यूएसबी टोक असलेली वायर आणि जुना ५ व्होल्टचा साधा चार्जर लावा. बहुतेक वेळा दिवा लगेच लागतो.

दिवा लागतो, पूर्ण भरल्याचंही दाखवतो, पण दाढीला टेकवला की दबतो? पहिली परीक्षा आठवा. पात्याविना जोरात चालत असेल तर पात्यात केस आहेत. पात्याविनाही दोन मिनिटांत दमत असेल तर बॅटरी म्हातारी झाली. आणि पिन फिरते पण पातं हलत नाही, तर पिन आणि पात्यामधला प्लॅस्टिकचा छोटा तुकडा झिजला किंवा तुटला असेल. फार किरकोळ वस्तू, पण चिकटद्रव्याने जोडली तर टिकत नाही. नवीनच घाला.

बॅटरी फुगलेली दिसली, ट्रिमरचं पोट उचललेलं दिसलं, तर तो चार्जिंगला लावू नका, टोचू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

पुरात भिजलेल्या मशिनी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. आमच्याही सलूनमध्ये आलं, आरशाच्या वरच्या कडेपर्यंत. पाणी ओसरल्यावर चिखलातून मशिनी काढल्या. त्या आठवड्यात शेजारच्या एकाने "चालते का बघू" म्हणून भिजलेली मशीन प्लगला लावली आणि तिच्यातून ठिणगी उडाली. सुदैवाने हाताला काही झालं नाही.

मशीन पाण्यात पडली, मग ती पुरात असो की बादलीत, तर ती चालू करून बघायची घाई करू नका. वायरची मशीन उघडून स्वच्छ पाण्याने चिखल धुवा, झाकण उघडं ठेवून पंख्याखाली आठवडाभर वाळवा. वेटोळ्याच्या आतलं पाणी बाहेरून दिसत नाही. नंतर जाणकाराकडून मल्टिमीटरने तपासून घेतल्यावरच प्लगला लावा. आमच्या वायरच्या चारपैकी तीन मशिनी अशा वाचल्या. चार्जिंगच्या एकही नाही. पुराचं पाणी गेलेली लिथियम बॅटरी मी कुणालाही वापरू देत नाही.

स्पिरिट आणि तेल, याच क्रमाने

नायटा, गजकर्ण हल्ली फार दिसतात, आणि मानेवरून मानेवर जायला मशीनचं पातं पुरेसं असतं. पात्याने बारीक रक्त आलं असेल तर काळजी आणखी मोठी. म्हणून दर गिऱ्हाइकानंतर ब्रश, मग ७० टक्क्यांचं स्पिरिट, हे करायलाच हवं. मशीन बंद असताना करा, आणि स्पिरिट पूर्ण उडाल्यावरच चालू करा. हात धुवायचं घट्ट सॅनिटायझर नको, त्याचा चिकटा पात्यात राहतो. ब्लीचिंगचं पाणी नको, पातं गंजतं.

पण स्पिरिट तेलही धुऊन नेतं. साथीच्या काळात सलूनवाले दिवसातून वीस वेळा स्पिरिट मारायचे आणि तेल घालायचं विसरायचे. त्या दोन वर्षांत माझ्याकडे कोरड्या पात्यांचा ढीग लागला होता. तेव्हा प्रत्येक वेळी स्पिरिट वाळलं की दोन थेंब तेल. पाच नको, दोनच.

आणि दुरुस्तीला आणायची वेळ आलीच, तर नुसती मशीन आणू नका. पाती, सगळे स्क्रू, चार्जर आणि त्याची वायर एका डबीत घालून आणा. साफ करून आणू नका, जशी आहे तशीच द्या. आत काय साचलंय ते पाहिलं की अर्ध्या वेळा मला विचारावंही लागत नाही.